आकडे नसलेला रिमोट

बाबांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं ते ऑपरेटर होते, कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. त्यामुळे आकडे त्यांच्या डोक्यात जाऊन बसतात ते कायमचे. चिपळूणच्या मावशीचा पाच आकडी नंबर, वारलेल्या काकांच्या स्कूटरचा नंबर, माझ्या दहावीच्या परीक्षेचा बैठक क्रमांक, सगळं त्यांना पाठ. नावं मात्र राहत नाहीत. माझ्या मैत्रिणींना ते अजून "ती लांब वेणीवाली" असंच म्हणतात, आणि त्या वेण्या कापून वीस वर्षं झाली.

टीव्हीचंही तसंच होतं. आमच्या घरात चॅनेलला नाव नव्हतं. "एकशे सोळावर काय चाललंय बघ," बाबा म्हणायचे. आई म्हणायची, "तुमचं एकशे सोळा संपलं असेल तर माझं दोनशे नऊ लावा." पाहुण्यांना वाटायचं आम्ही काहीतरी गुप्त बोलतोय.

तो जुना टीव्ही गेल्या वर्षी बसला. उभी रेघ आली, मग आडवी आली, मग काहीच आलं नाही. मिरा रोड स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात ऑफर चालू होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती मासींनाही टीव्ही बदलायचा होता, म्हणून आम्ही एकत्रच गेलो आणि एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन टीव्ही घेतले. दुकानातला माणूस फार खुशीत होता. "अभी सेट-टॉप बॉक्स का झंझट ही नहीं," तो म्हणाला. "वाय-फाय से सब चॅनेल अंदर. डब्बा निकाल के फेंक दो." आम्हीही खुशीत डबा केबलवाल्याला परत दिला. त्याच्याबरोबर डब्याचा रिमोटही गेला.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस टीव्ही भिंतीवर लावायला आला. त्याने खोक्यातून नवा रिमोट काढून बाबांच्या हातात दिला. काळा, गुळगुळीत, चिंचेच्या बोटुकासारखा बारीक वाकलेला. त्यावर एक गोल चकती आणि चार बटणं होती. बाबांनी तो उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मग खोक्यात हात घालून थर्माकोल चाचपला.

"आकडे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"नंबर नहीं आता अंकल. नया डिझाईन है."

"मग चॅनेल कसा लावायचा?"

"बोलने का. पहले बोलो 'हॅलो टीव्ही', फिर जो मंगता है वो बोलो. टीव्ही में माइक है, हमेशा सुनता है."

बाबांनी रिमोट टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले, "मी पंधरा वर्षं दिवसाला पाचशे वेळा हॅलो म्हटलंय. पण दर वेळी पलीकडे माणूस होता."

त्याहून त्यांना राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. चॅनेल लागला की स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचा नंबर दिसायचा. चारशे सतरा, असा स्वच्छ, पांढऱ्या अक्षरांत. "बघ," ते म्हणाले, "नंबर आहे. दाखवतात, पण दाबायला देत नाहीत." चकतीने एकेक चॅनेल पुढे सरकत चारशे सतराला पोचायचं म्हणजे तोवर बातम्या संपून हवामान लागायचं.

शेवटी बाबांनी हार मानली. संध्याकाळी सात वाजता ते टीव्हीपुढे ताठ बसले, घसा साफ केला आणि ऑपरेटरच्या जुन्या आवाजात म्हणाले, "हॅलो टीव्ही. बातम्या लाव."

टीव्हीने बटाटेवड्याची रेसिपी लावली.

"बा-त-म्या," बाबा म्हणाले.

टीव्हीने दुसऱ्या बाईची बटाटेवड्याची रेसिपी लावली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अगोबाई, ही आलं नाही घालत का?" बाबांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर साबुदाणावडा आला. मग आईच म्हणाली, "हॅलो टीव्ही, जरा बातम्या लाव हं बाळा," आणि बातम्या लागल्या.

तिथून आमच्या घरातलं वजन एका बाजूला झुकलं. टीव्ही आईचं ऐकायचा, बाबांचं नाही. आई त्याला बाळा म्हणायची, आवाज कमी केला की "शहाणा" म्हणायची. बाबांच्या रत्नागिरीच्या ठसक्यात काही दोष होता, की पंधरा वर्षं केबलमधून बोलल्याने त्यांचा आवाज तसा झाला होता, देव जाणे. बातम्या हव्या असल्या की त्यांना आईला सांगावं लागायचं. आई म्हणायची, "कुकर उतरू दे."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आईने चिपळूणच्या मावशीला फोन लावला. बाबा बातम्या बघत होते. "हॅलो!" आई म्हणाली. "टीव्ही बंद केलास का? मग निवांत बोलू." आमचा टीव्ही बंद झाला. बाबा उठले, गॅलरीत गेले आणि तिथल्या तुळशीला पाणी घालत बसले. त्या दिवशी तुळशीला तिसऱ्यांदा पाणी मिळालं.

मी घरून काम करते. विमा कंपनीच्या क्लेमचं काम, दिवसभर हेडफोन लावून आतल्या खोलीत बसायचं. त्यामुळे पुढचं युद्ध मला बरंचसं आवाजांवरूनच कळलंय.

आमच्या मिरा रोडच्या पूनम सागरमधल्या बिल्डिंगमध्ये दिवसा कुणी मुख्य दार लावत नाही. फक्त जाळीचं दार असतं. आमचं आणि मासींचं दार समोरासमोर, मध्ये जेमतेम चार पावलांची जागा. मासींच्या घरी दर मंगळवारी दुपारी दहा-बारा बायका सत्संगाला जमतात. त्या मंगळवारी आई डेंटिस्टकडे गेली होती. बाबांना दुपारच्या बातम्या हव्या होत्या. मागचा अनुभव बघता त्यांनी या वेळी अगदी पोटातून आवाज काढला.

"हॅलो टीव्ही! बातम्या लाव!"

आमच्या टीव्हीला ते कळलं नाही. मासींच्या टीव्हीला कळलं. डोळे मिटून ध्यान लावलेल्या बारा बायकांसमोर एक निवेदक मोठ्याने ओरडायला लागला. आतून किंचाळी आली, मग झांज पडल्याचा आवाज आला. मग मासी ओरडल्या, "हॅलो टीव्ही! बंद! बंद कर!" त्यांचा बंद झाला आणि आमचाही बंद झाला.

बाबांना वाटलं बिघाड आहे. त्यांनी पुन्हा चालू केला, पुन्हा आवाज दिला. समोर पुन्हा निवेदक आला. हे तीनदा झालं. चौथ्या वेळी मासी स्वतः जाळीच्या दाराशी आल्या.

"भाईसाब, आप जरा धीरे बोलो ने! मेरा टीव्ही आपका सुनता है!"

"आणि माझा तुमचं ऐकतो!" बाबा म्हणाले. मग हिंदीत आले. "मेरा मेरा नहीं सुनता, आपका सुनता है. क्या करेगा?"

मी हेडफोन काढून बाहेर आले तेव्हा दोघंही जाळीच्या दोन बाजूंना हात कमरेवर ठेवून उभे होते. पण बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की भांडण एकमेकांशी नाहीच. मासींनाही राग होताच. त्यांच्या टीव्हीला गुजराती समजत नव्हतं, आणि हिंदी बोलताना त्या मध्येच गुजरातीत जात असल्याने 'रामकथा'च्या जागी रमी खेळायची जाहिरात लागायची. "मेरेको घर में जुगार का ऍड दिखाता है," त्या म्हणाल्या. "सत्संग में!"

बाबांनी तिथल्या तिथे कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मासींना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. आधी गाणं वाजलं. मग एक बाई म्हणाली, "मराठीसाठी तीन दाबा." बाबांनी दाबला. "टीव्हीविषयी तक्रारीसाठी दोन दाबा." दाबला. "रिमोटविषयी तक्रारीसाठी सहा दाबा."

बाबांचा अंगठा सहावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यांना आकडे लागतात!" ते म्हणाले. "यांचं आकड्यांशिवाय अडतं!" तेवढ्यात फोन कट झाला.

मग शनिवारी आम्ही तिघं सर्व्हिस सेंटरला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि रिमोट रुमालात गुंडाळून घेतला होता. मासींनी डब्यात ठेपले घेतले होते, वेळ लागला तर म्हणून. वेळ लागलाच. तिथे आमच्यासारखे बरेच लोक बसले होते आणि जवळजवळ सगळ्यांच्या हातात तोच काळा, वाकडा रिमोट होता. ठेपले फिरायला लागले तशी माणसं बोलायला लागली.

गोडदेवच्या एक बाई होत्या, हातात हिरव्या बांगड्या, आवाज खणखणीत. "माजी सासू त टीवीसमोर पदर घेऊन बसते," त्या म्हणाल्या. "बोलते, आतमधी कोन तरी हाय. ऐकते त बगत बी असंल. आता टीवीवर चादर टाकून ठेवलीय. चादर काढली का मालिका बगाची, परत टाकाची. मी बोलली, आई, कोन न्हाय हाय आतमधी. त बोलते, मंग जबाब कोन देते?"

यावर मासींनी त्यांच्या हातावर आणखी एक ठेपला ठेवला.

आमचा नंबर आला. काउंटरवर चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती, सकाळपासून हेच ऐकून तिचा चेहरा उतरला होता. बाबांनी रुमाल उघडून रिमोट तिच्यापुढे ठेवला.

"काका, हा डिफेक्ट नाहीये," ती म्हणाली. "डिझाईन आहे."

"हे डिझाईन कुणी केलं?"

"कंपनीने काका. म्हणजे, कस्टमरनीच सांगितलं होतं की बटणं फार होतात म्हणून."

"कुठल्या कस्टमरने? मला त्याचा नंबर द्या. मी बोलतो त्याच्याशी."

मागे सगळे हसले. मुलगीही हसणार होती, पण तिने ओठ मिटले. गोडदेवच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, द्या नंबर. माज्या सासूला बी बोलाचा हाय." आता सगळेच बोलायला लागले. मासी ठेपल्याचा डबा बंद करून गुजरातीत काहीतरी कडक म्हणाल्या. मला वाटलं आता मोर्चाच निघतो.

तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ पुढे आले. बाबांच्याच वयाचे, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. ते इतक्या हळू बोलले की बाकीच्यांना गप्प बसावं लागलं.

"मी पेणकरपाड्यातून आलोय," ते म्हणाले. "माझी बायको बोलत नाही. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, ऐकू येतं. आधीच्या टीव्हीवर मी बाहेर गेलो की डाव्या हाताने स्वतः आकडे दाबायची. आता ती 'हॅलो टीव्ही' कसं म्हणणार? चकतीवर बोट ठेवलं की चॅनेल भराभर पुढे जातात, हवा तो निघून जातो. मग मीच लावून देतो, ती बघते. तेवढं काही करता आलं तर बघा."

 बाबांनी काउंटरवरचा आपला रिमोट उचलून परत खिशात ठेवला, जणू त्याची लाज वाटली. मुलीने तक्रारीचा फॉर्म पुढे ओढला, त्या गृहस्थांचं नाव आणि फोन नंबर विचारून लिहून घेतला, आणि फॉर्म भरता भरता खाली बघूनच आमच्या बाजूला म्हणाली, "काका, मी सांगितलं असं म्हणू नका. टीव्ही आतून आधीच्या मॉडेलचाच आहे. फक्त रिमोट बदललाय. आधीचा रिमोट आम्हाला द्यायची परवानगी नाही. बाहेर मिळतो."

बाहेर म्हणजे कुठे, हे आम्हाला मिरा-भाईंदरमध्ये राहून विचारायची गरज नव्हती. स्टेशनबाहेरच्या गल्लीत रिमोटचा एक ठेला आहे. उत्तनला बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत घालतात तसे तिथे दोरीवर शेकडो रिमोट लटकत असतात. ठेलेवाला पांढऱ्या दाढीचा, चष्मा कपाळावर. बाबांनी काही बोलायच्या आत त्याने त्यांच्या खिशातून डोकावणारा काळा रिमोट बघितला.

"नंबरवाला चाहिए ना?" तो म्हणाला. "इस हफ्ते के आप आठवें हो."

"चलेगा क्या इस टीव्ही पे?"

"दौड़ेगा. कंपनी ने नंबर रिमोट से निकाला है, टीव्ही से थोड़ी निकाला."

"पण निकाला काय को?"

ठेलेवाल्याने काळा रिमोट हातात घेतला, उन्हात धरला, उलटसुलट केला. "अच्छा दिखता है," तो म्हणाला आणि परत दिला.

बाबांनी तीन घेतले. एक आपला, एक मासींचा, आणि तिसरा त्यांनी वेगळ्या कागदात बांधून घेतला. घरी येऊन चपला न काढताच ते टीव्हीपुढे उभे राहिले आणि चार, एक, सात दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग बातम्या लागल्या. बाबांनी शंभरच्या वरचे पाच-सहा चॅनेल धडाधड लावून बघितले, सगळे बरोबर. समोरच्या जाळीतून मासी ओरडल्या, "भाईसाब, रामकथा लग गया!" एवढं बोलताना त्यांनी हॅलो म्हटलं नाही, म्हणून आमचा टीव्ही चालू राहिला.

आई मात्र बदलली नाही. "तुम्ही दाबा," ती म्हणाली. "मी बोलेन. घरात माझं ऐकणारं एक तरी कुणी आहे." अजूनही बाबा आकडा दाबून बातम्या लावतात आणि आई पोळ्या लाटता लाटता आतून "हॅलो टीव्ही, माझी मालिका लाव रे बाळा" म्हणते. मग बाबा पुन्हा आकडा दाबतात. एका जाहिरातीच्या वेळात चार-पाच वेळा असं होतं. दोघांनाही ते आवडत असावं, कारण दुसरा टीव्ही घेऊया असं मी म्हटल्यावर दोघं एकदमच नको म्हणाले.

तिसऱ्या रिमोटचं काय करायचं ते बाबांनी आधीच ठरवलं होतं. रविवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, "चल, पेणकरपाड्याला जाऊन येऊ."

"बाबा, पत्ता कुठाय आपल्याकडे?"

"नंबर आहे की." काउंटरवर त्या गृहस्थांनी नंबर सांगितला होता तो बाबांनी एकदाच ऐकला होता. त्यांनी तो न अडखळता लावला. नाव आठवत नसल्याने त्यांनी स्वतःची ओळख "मी रिमोटवाला बोलतोय" अशी करून दिली, आणि पलीकडच्या माणसाने नको, आमच्याकडे आहे म्हणून फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा मी बोलले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर, खोली लहान पण लखलखीत. काकू खिडकीजवळ उशीला टेकून बसल्या होत्या, केस व्यवस्थित विंचरलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. टीव्हीवर भजनं चालू होती. "हिला देवाचं आवडतं," काका म्हणाले. "टीव्ही घेतल्यापासून, चार महिने झाले, सकाळ-संध्याकाळ हेच लावून देतो. तेवढंच मन रमतं." काकूंनी आमच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

बाबांनी रिमोट कागदातून काढला, आपल्या शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या डाव्या हातात दिला. शिकवायला म्हणून ते वाकले, पण काकूंनी त्यांची वाट बघितली नाही. अंगठा आकड्यांवरून एकदा फिरवला. मग दाबलं. सहा. थांबल्या. तीन. आठ.

भजन गेलं आणि कबड्डी लागली.

"अगं, चुकून लागलं," काका म्हणाले आणि रिमोट घ्यायला पुढे झाले. काकूंनी रिमोट साडीच्या घोळात घेतला आणि त्यांच्याकडे असं काही बघितलं की काका होते तिथेच थांबले. स्क्रीनवर एक खेळाडू पाच जणांच्या मध्ये शिरत होता. काकू थोड्या पुढे झाल्या.

"तुला कबड्डी आवडते?" काकांनी विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न बहुतेक त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा. काकूंनी मान हलवली. होय.

"पण नंबर कसा कळला?" मी विचारलं.

ते आधी बाबांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "चकती फिरवताना रोज डोळ्यांसमोरून जायचा ना? कोपऱ्यात लिहिलेलं असतं." काकूंनी बाबांकडे बघून पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात. चार महिने नवरा भजनांकडे जाताना रोज सहाशे अडतीसवरून पुढे जात होता, आणि त्या रोज तो आकडा पाठ करत होत्या.

काका खुर्चीत बसले. "चार महिने," ते म्हणाले. "दोन वेळा. एकही दिवस चुकवला नाही मी." मग त्यांना हसू आलं, आणि ते थांबेना. काकूही हसत होत्या, अर्ध्या ओठांनी, खांदे हलवत. बाबा मात्र हसले नाहीत. ते काकूंकडे ऑफिसातल्या एखाद्या वरच्या साहेबाकडे बघावं तसं बघत होते.

चहा झाला. काकांनी केला होता, फार गोड झाला होता. आम्ही निघायला उठलो तर काकूंनी डावा तळहात उचलून आम्हाला थांबवलं आणि टीव्हीकडे दाखवलं. शेवटची काही मिनिटं बाकी होती. आम्ही पुन्हा बसलो. बाबांना कबड्डीतलं काही कळत नाही, तरी ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. काका त्यांना रेड म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले, आणि ते चुकीचं सांगत होते, कारण काकू दर वाक्याला मान आडवी हलवत होत्या.